एक टेबल, दोन चिठ्ठ्या

पुण्याच्या खराडीतल्या एखाद्या कॅफे-बारमध्ये संध्याकाळी चौघांच्या टेबलावरून ऑर्डर जाते: दोन कॅपुचिनो, एक पिंट बिअर, एक फ्रेश लाइम सोडा, चिली चीज टोस्ट आणि पेरी-पेरी फ्राइज. वेटर ती एका दमात टिपून घेतो. पुढे मात्र तिला दोन वाटा फुटतात. खाण्याची चिठ्ठी किचनमधल्या छोट्या प्रिंटरवर निघते. धंद्यात तिला केओटी म्हणतात. बिअरची चिठ्ठी बारच्या काउंटरवर निघते, ती बीओटी. टोस्ट आणि बिअर एकाच ट्रेमधून टेबलावर येतात, पण हिशेबात त्यांची पुन्हा गाठ पडत नाही. बिलाच्या वरच्या भागात खाणं आणि कॉफी, त्याखाली २.५ टक्के केंद्राचा आणि २.५ टक्के राज्याचा जीएसटी. खालच्या भागात बिअर, आणि तिच्यावर राज्याचा १० टक्के व्हॅट.

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पिण्याचं मद्य घटनादुरुस्तीनेच त्याच्या बाहेर ठेवण्यात आलं. मद्यावरचा कर हा राज्यांचा हमखास पैसा, तो त्यांना सोडायचा नव्हता. म्हणून कॉफीचा कर एका खात्यात जातो आणि बिअरचा दुसऱ्या. कॉफीच्या कपाशी अन्नसुरक्षा विभागाचा संबंध येतो, बिअरच्या ग्लासाशी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. कोणत्या ब्रँडच्या किती बाटल्या आल्या, किती खपल्या, किती उरल्या, हे बारला रोजच्या रोज नोंदवून ठेवावं लागतं. चीज किती उरलं हे सरकार विचारत नाही.

गिऱ्हाइकाला दिसतो तो एकच हॉल, तीच खुर्ची, तोच वेटर. सरकारला तिथे दोन दुकानं दिसतात. चहा-कॉफीची जागा आणि दारूची जागा महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या वेगळ्या होत्या. त्या एका टेबलावर कशा आल्या हे पाहायचं तर आधी कायद्याकडे जावं लागतं.

महाराष्ट्रात दारू विकण्याचं आणि पिण्याचं नियमन ज्या कायद्याने होतं, तो दारूबंदीचा कायदा आहे: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. बंदी हा त्याचा पाया आणि परवाना हा अपवाद. मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने केला. तो राबवण्याची जबाबदारी डॉ. एम. डी. डी. गिल्डर या पारशी मंत्र्यांकडे होती, आणि मद्याच्या व्यापारात असलेल्या पारशी समाजातूनच त्यांना मोठा विरोध झाला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहाने मुंबई राज्यभर दारूबंदी आली. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ च्या निकालात कायद्याचा गाभा टिकला. औषधं आणि प्रसाधनांमधल्या अल्कोहोलवरची बंधनं तेवढी रद्द झाली. पुढे १९६० मध्ये राज्याचे दोन भाग झाले. गुजरातने याच कायद्याखाली दारूबंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या काळात नियम सैल केले, पण कायदा रद्द केला नाही. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही कोरडे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली.

या इतिहासाची एक खूण अजून जिवंत आहे. कायद्याच्या नजरेत महाराष्ट्रात दारू पिणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला, आजन्म १००० ला मिळतो. बारमध्ये बसणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं, पण एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं बारवाल्यांना घ्यावीच लागतात. परमिट रूम हे नाव इथून आलं: परवाना असलेल्याने बसून प्यायची खोली. आजही हॉटेलला मद्य पाजण्यासाठी जो परवाना लागतो, त्याला धंद्यातले लोक एफएल-थ्री म्हणतात. फक्त बिअर आणि वाइन द्यायची असेल तर वेगळा, स्वस्त परवाना आहे.

आता ही खोली दिसायची कशी ते आठवावं. काळ्या काचा, दारावर जाड पडदा, आत दिवसाही ट्यूबलाइट किंवा मंद लाल दिवा. बाहेरच्या पाटीवर ‘परमिट रूम व बिअर बार’, आणि शेजारी बाण दाखवून ‘फॅमिली सेक्शन वरच्या मजल्यावर’. बायका-मुलांना घेऊन आलेला माणूस जिन्याने वर जायचा, मित्रांबरोबर आलेला पडद्याआड. खालच्या मजल्यावर खाणं हे पिण्याला टेकू म्हणून यायचं: खारे शेंगदाणे, मसाला पापड, चणे, काकडी-टोमॅटोच्या चकत्या, फार तर चिकन चिली किंवा तळलेला बोंबील. चकणा म्हणजे जेवण नाही, आणि जेवायला आलेल्या माणसाला तिथे जागाही नव्हती. न पिणारा मित्र थम्सअप मागवून बसायचा, सगळ्यांचा चकणा संपवतो म्हणून बोलणी खायचा आणि बिल वाटून घेताना चौथा हिस्सा मुकाट्याने द्यायचा. २००५ मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली. न्यायालयात ती टिकली नाही, पण त्या वादाने ‘बार’ या शब्दाला लागलेला डाग मध्यमवर्गीय घरांत बरीच वर्षं पुसला गेला नाही.

दुसऱ्या टोकाला इराणी कॅफे होते. संगमरवरी टॉपची टेबलं, वाकवलेल्या लाकडी पाठीच्या खुर्च्या, ब्रून मस्का, खिमा पाव आणि पाणी कमी, दूध जास्त असलेला चहा. पुण्यातलं कॅफे गुडलक १९३५ चं. डेक्कनच्या कोपऱ्यावर ते आजही बनमस्का देतं. इथे कोणीही किती वेळही बसायचं, विद्यार्थ्याने आणि वकिलाने शेजारीशेजारी बसायचं. इराण्याच्या हॉटेलात न पिणाऱ्याचा प्रश्नच नव्हता, कारण बहुतेक ठिकाणी पिणंच नव्हतं.

मुंबईत मात्र काही इराण्यांनी पुढे बिअरचा परवाना घेतला, आणि महाराष्ट्रात कॅफे आणि बार एका छताखाली आल्याचे पहिले ठळक नमुने तिथे दिसतात. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१ चं, कॅफे मोंडेगार १९३२ चं, फोर्टमधलं कॅफे मिलिटरी १९३३ चं. मिलिटरीत दुपारी खिमा पाव आणि थंड बिअर एकत्र मागवणारे कोर्ट-कचेरीतले लोक पिढ्यानपिढ्या येतात. मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी चितारलेली मुंबई पाहत कोणी चहा घेतो, कोणी बिअर. या कॅफेंनी पडदा लावला नाही. दारू आली तरी दार उघडंच राहिलं, ही त्यांची मोठी कामगिरी.

आणखी दक्षिणेला गोव्यात हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य असल्यामुळे मुंबई राज्याची दारूबंदी पोहोचली नाही. गावातल्या छोट्या तावेर्नमध्ये फेणीचा घोट, सोडा, बिस्किटं आणि गप्पा हे सगळं एकाच बाकावर चालत आलं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. युरोपात इटलीत ज्याला बार म्हणतात तिथे लोक सकाळी उभ्याउभ्या एस्प्रेसो घेऊन कामावर जातात आणि संध्याकाळी त्याच काउंटरवर वाइन घेतात. म्हणजे जगात जागा एकच असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. वेगळ्या खोल्या करणं हा आपल्याकडच्या कायद्याचा आणि संकोचाचा परिणाम.

खराडीत हा संकोच फारसा उरला नाही. त्याची कारणं जमिनीत आणि घड्याळात आहेत.

मुळा-मुठेच्या काठावरचं हे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलं. तोवर शेती आणि वस्त्या होत्या; थिटे वस्तीसारखी नावं अजून त्याची साक्ष देतात. मग एमआयडीसीचं नॉलेज पार्क आलं, झेन्सारचा कॅम्पस आला, इऑन फ्री झोन हे सेझ उभं राहिलं, त्याच्या शेजारी वर्ल्ड ट्रेड सेंटर झालं. बँकांची आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची हजारो माणसं रोज इथे येऊ लागली, आणि त्यांच्यासाठी वीस-वीस मजली इमारती बांधल्या गेल्या. पेठांमध्ये, डेक्कनवर किंवा कोथरूडमध्ये जे तयार व्हायला शंभर वर्षं लागली ते इथे वीस वर्षांत व्हायचं होतं. घरं झाली, ऑफिसं झाली, दवाखाने-शाळाही झाल्या. पण बसायची जागा? पाराचा कट्टा नाही, वाचनालयाचा ओटा नाही, जुनं इराण्याचं हॉटेल नाही. मेट्रोही २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत येऊन थांबली. खराडीतून कॅम्पात किंवा डेक्कनला संध्याकाळी जायचं म्हणजे नगर रस्त्यावरचा ट्रॅफिक पचवायचा.

शिवाय इथे राहणारे कोण? नागपूर, नांदेड, इंदूर, रांची, कोची अशा गावांतून आलेली पंचविशी-तिशीतली मुलं-मुली, भाड्याच्या टू बीएचकेमध्ये तिघं-चौघं मिळून राहणारी. अनेक सोसायट्यांत बॅचलर भाडेकरूंना पाहुणे, आवाज आणि वेळ यांची वेगळी नियमावली असते. मित्राचा वाढदिवस घरी साजरा करायचा तर रात्री दहाला वॉचमनचा फोन. अशा माणसांसाठी कोपऱ्यावरचा कॅफे-बार हा त्यांचा दिवाणखाना झाला. एका टेबलावर लॅपटॉप उघडून कोणी अमेरिकेचा कॉल उरकतंय, शेजारी लहान मुलाला पास्ता भरवणारं जोडपं, पलीकडे ऑफिसातला निरोप समारंभ, कोपऱ्यात एकटीच पुस्तक घेऊन बसलेली मुलगी. काचा पारदर्शक, आत उजेड भरपूर, कुंड्यांत मनीप्लांट. बाहेरून सगळं दिसतं आणि ते दिसावं अशीच रचना असते.

या सगळ्यात लक्ष द्यायची जागा बार काउंटर नाही. लक्ष द्यावं त्या दोन कॅपुचिनोंकडे. कॅफे-बारमुळे खरा फायदा झाला तो न पिणाऱ्याचा. परमिट रूममध्ये तो उपरा होता. इथे तो पूर्ण गिऱ्हाईक आहे. त्याच्यासाठी कॉफीची अख्खी पानभर यादी असते, मॉकटेल असतात, पोटभर खाणं असतं, आणि त्याच्या समोरचा कप बिअरच्या ग्लासापेक्षा फार स्वस्तही नसतो. त्यामुळे पिणारे आणि न पिणारे मित्र, नवरा-बायको, मॅनेजर आणि फ्रेशर एका टेबलावर बसू शकतात. बायका एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर येतात ते याच कारणाने: कोण काय पितंय यावरून इथे कोणाची पत ठरत नाही. कॅफे-बारचं कौतुक करायचं तर त्याच्या कॉकटेलचं नको, या बरोबरीचं करावं.

मेनूवरून हे चटकन कळतं. सकाळी अकराला ऑम्लेट, पॅनकेक, अॅव्होकाडो टोस्ट. दुपारी राइस बोल, सँडविच, पास्ता, ऑफिसवाल्यांसाठी थाळीसारखं झटपट लंच. चार वाजता कॉफी आणि चीजकेक. सातनंतर विंग्ज, नाचोज, पिझ्झा, कबाब. मराठी चवही हळूहळू शिरली आहे: ठेचा लावलेलं पनीर, पावाबरोबर खिमा, कोथिंबीर वडीला कुठल्याशा डिपची जोड. त्यातल्या काही जोड्या उगाच जुळवलेल्या असतात हे खरं, पण ठेचा आणि थंड बिअर ही जोडी कोणाला शिकवावी लागत नाही.

काउंटरजवळ उभं राहिलं की दोन यंत्रं शेजारीशेजारी दिसतात. एस्प्रेसो मशीन बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी साधारण ९ बार दाबाने ढकलतं. पंचवीस-तीस सेकंदांत कपात दाट, तपकिरी धार उतरते. दळण जरा जाड झालं की धार पटकन सुटते आणि कॉफी पाणचट लागते, बारीक झालं की थेंबथेंब गळते आणि कडवटते. म्हणून चांगला बरिस्ता पावसाळी हवेत दिवसातून दोन-तीनदा ग्राइंडर पुन्हा जुळवतो. पलीकडे बिअरचा नळ. पिंपातली बिअर कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वर येते, आणि नळी कुठे गरम झाली तर ग्लासात अर्धा फेसच भरतो. बारटेंडर ग्लास तिरका धरतो, पाऊण भरल्यावर सरळ करतो आणि बोटभर फेस ठेवतो. हा फेस स्निग्धतेने मरतो. त्यामुळे लॅटेचे ग्लास आणि बिअरचे ग्लास एकाच पाण्यात धुतले, दुधाचा ओशटपणा राहिला, तर बिअर मिनिटभरात सपाट दिसते. जिथे भांडी घासणाऱ्या मुलाला हे समजावलेलं असतं तिथली बिअर चांगली असते. नळावर कोणत्या ब्रुअरीचं नाव आहे ही त्यानंतरची गोष्ट.

बिअरबाबत पुण्याला अभिमान वाटावा असं बरंच घडलं आहे. डूलॅली ही मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यातच कोरिंथियन्समध्ये सुरू झाली. मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कल्याणीनगरमध्ये बंगळुरूच्या टॉइटने शाखा काढली. मधापासून केलेलं मीड बनवणारी मूनशाइन मीडरीही पुण्याचीच. खराडी या सगळ्यांच्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथल्या छोट्या जागांनाही ताजी बिअर आणि ती ओळखणारं गिऱ्हाईक मिळालं.

दिवसा कॅफे आणि रात्री बार हे गणित मोठ्या प्रमाणावर मांडलं ते रियाझ अमलानींच्या इम्प्रेसारिओ कंपनीने. मुंबईत २००१ मध्ये मोका हे कॉफी शॉप काढणाऱ्या अमलानींनी २०१४ मध्ये बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर पहिलं सोशल सुरू केलं. दिवसा लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांना ठरावीक रक्कम भरून टेबल आणि वायफाय मिळायचं, ती रक्कम खाण्यापिण्यात वळती व्हायची, आणि संध्याकाळी त्याच टेबलांवर बार भरायचा. पुण्यात त्याची शाखा एफसी रोडवर आली. गल्लीतल्या एकट्या मालकाचं गणितही तेच, फक्त त्याच्या पाठीशी कंपनी नसते. खराडीत गाळ्याचं भाडं चोवीस तासांचं द्यावं लागतं, मग तो फक्त सहा तास का चालवायचा? कॉफीत नफ्याचं प्रमाण चांगलं, पण एका कॅपुचिनोवर माणूस दोन तास बसतो. भाजी, चिकन, ब्रेड खराब होतात. मद्याची बंद बाटली होत नाही. म्हणून दिवसा कॅफे जागेला ओळख आणि गिऱ्हाईक मिळवून देतो आणि रात्री बार भाडं काढतो.

हे गणित अलीकडे अवघड झालं आहे. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्क्यांवर गेला. २०२५-२६ साठी परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. त्याविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी हॉटेलचालकांच्या ‘आहार’ या संघटनेच्या हाकेवर राज्यभरातल्या बार आणि परमिट रूमनी एक दिवस बंद पाळला. मोठ्या पबला ही वाढ दरात मिसळता येते. चाळीस खुर्च्यांच्या कॅफे-बारला ती जड जाते, कारण त्याचं गिऱ्हाईक रोजचं असतं आणि त्याला मागच्या महिन्याचा दर पाठ असतो.

नियम कोणत्या टोकाला जाऊ शकतो हे नगर रस्त्याने २०१७ मध्ये पाहिलं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला, आणि आदल्याच दिवशी न्यायालयाने स्पष्ट केलं की तो दुकानांबरोबर हॉटेल-बारनाही लागू आहे. महामार्गांवरच्या अपघातांत जाणाऱ्या जिवांचा विचार करून आलेला हा आदेश होता आणि त्यामागची तळमळ रास्त होती. पण पुण्यासारख्या शहरात महामार्ग वस्तीतून जातो. नगर रस्त्यावरच्या आणि त्याच्या आजूबाजूच्या जागांचे बार एका रात्रीत बंद पडले. किचन चालू, कॉफी चालू, काउंटरला कुलूप. जुलै २०१७ मध्ये महापालिका हद्दीतल्या रस्त्यांना न्यायालयाने मोकळीक दिली. त्या तीन-चार महिन्यांत ज्यांचं खाणं चांगलं होतं ते तगले.

या रस्त्याचं दारूबंदीशी नातं जुनं आहे. खराडीतून शहराकडे निघालं की काही मैलांवर आगाखान पॅलेस लागतो. दारूबंदी काँग्रेसच्या कार्यक्रमाचा भाग करणाऱ्या महात्मा गांधींना १९४२ ते १९४४ या काळात तिथे स्थानबद्ध ठेवलं होतं आणि कस्तुरबांचा मृत्यू तिथेच झाला. उलट दिशेला शिरूरच्या पुढे पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास गावी परतले तेव्हा तिथे दारूच्या भट्ट्या होत्या. त्या बंद करण्यापासून गावाचा कायापालट सुरू झाला. २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्याने घेतला तेव्हा त्याविरुद्ध उपोषणाचा इशारा राळेगणहूनच आला. भट्टीच्या दारूने उद्ध्वस्त झालेली घरं ज्यांनी पाहिली त्यांचा विरोध खराडीतल्या काचेआड बसून जुनाट ठरवणं अन्यायाचं आहे. त्या घरांत पिणारा एकटा प्यायचा आणि न पिणाऱ्यांना उपाशी ठेवायचा.

आणि धोका काही खेड्यापुरता नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे खराडीपासून जवळच, कल्याणीनगरमध्ये, सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी तो मुंढव्यातल्या पबमध्ये बसला होता, असं तपासात पुढे आलं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या घटनेनंतर उत्पादन शुल्क विभागाने पब आणि बारवर कारवाईचा धडाका लावला, आणि दारावर ओळखपत्र मागणं एकदम नेहमीचं झालं. ते आधीपासून व्हायला हवं होतं. पिऊन गाडी चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चौघांच्या टेबलावरच्या दोन कॅपुचिनोंपैकी एक गाडीची किल्ली असलेल्याची असते. ती कॉफी चांगली मिळणं ही सुरक्षिततेची बाब आहे. चालत घरी जाता येईल अशा अंतरावर बसायची जागा असणं ही त्याहून मोठी.

अंतर कमी असण्याची किंमत शेजारी मोजतात. खराडीत तळमजल्यावर गाळे आणि वर फ्लॅट अशा इमारती सर्रास आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गच्चीवरच्या एका स्पीकरला ती ओलांडायला गाण्याचं एक कडवं पुरतं. त्यात पार्किंग, रात्री उशिराची रेंगाळणारी टोळकी, किचनच्या एक्झॉस्टचा तळणाचा वास. शाळा आणि देवस्थानांपासून बारला ७५ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, पण झोपलेल्या लहान मुलापासून किती अंतर ठेवायचं हे कुठे लिहिलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवं दारूचं किंवा बिअरचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. रहिवाशांच्या तक्रारीची ही दखल योग्यच होती. काही मालकांनी स्वतःहून दहानंतर संगीत आतल्या हॉलपुरतं ठेवलं आणि गच्ची बंद केली. त्यांना वरच्या मजल्यावरचे लोक गिऱ्हाईक म्हणूनही मिळतात.

राहतो तो वेळेचा प्रश्न, आणि इथे पुन्हा त्या दोन चिठ्ठ्या समोर येतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं व आस्थापना कायदा आस्थापनांना दिवसरात्र चालू राहण्याची मुभा देतो, आणि १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने ती पुन्हा स्पष्ट केली. मद्य देणाऱ्या जागा मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. पुण्यात परमिट रूमला रात्री दीडपर्यंतची वेळ आहे. कॅफे-बारमध्ये दोन्ही एकाच हॉलमध्ये असल्यामुळे दीड वाजता बिअरच्या नळाबरोबर कॉफीचं मशीनही थंड होतं. खराडीत अमेरिकेच्या वेळेवर चालणारी शिफ्ट त्यानंतर सुटते. त्या माणसांना, विशेषतः रात्रपाळीच्या मुलींना, उजेडातली, माणसांनी भरलेली, गरम खाणं देणारी जागा हवी असते, आणि त्या वेळी मिळते ती रस्त्याकडेची भुर्जीपावाची गाडी. परवाना देतानाच मद्याची जागा नकाशावर आखून मंजूर होते. तेवढ्या जागेला दीडला कुलूप लावायचं, साठ्याची नोंद पूर्ण करायची आणि किचन व कॉफी पहाटेपर्यंत चालू ठेवायची, अशी सोय नियमात नीट लिहिली तर उत्पादन शुल्क विभागाचं काही बिघडणार नाही. केओटी आणि बीओटीचे प्रिंटर तसेही वेगळेच आहेत.